सहा मेंदूंचा नकाशा आणि ऑटिझमच्या खुणेचा शोध

पीएच.डी.चा विषय शोधत असाल आणि मेंदू व जनुकं या दोन्हींत रस असेल, तर एका ठरावीक साच्याचे पेपर तुमच्या वाचनात नक्की आले असतील. शीर्षकात ऑटिझम. पहिल्या आकृतीत लाल-निळा रंगवलेला मेंदू. दुसऱ्या आकृतीत जनुकांची भलीमोठी यादी. आणि सारांशाच्या शेवटच्या वाक्यात 'बायोमार्कर' हा शब्द, बहुतेक वेळा 'संभाव्य' हे विशेषण लावून.

असा पेपर हातात आला की आधी मेथड्स विभागात जा आणि जनुकांचे आकडे कुठून आले ते बघा. अनेकदा उत्तर एकच असतं: ॲलन ह्यूमन ब्रेन ॲटलस. हा ॲटलस सहा माणसांच्या मेंदूंवरून बनला आहे. सहाही प्रौढ, सहाही मृत, आणि मेंदूच्या किंवा मानसिक आजाराचा ज्ञात इतिहास नसलेले. स्कॅन मात्र जिवंत मुलांचे, त्यातली काही ऑटिझम असलेली. म्हणजे एमआरआय एकाचा आणि जनुकं भलत्याचीच. ही जोडी जमली कशी? 'ऑटिझमची खूण सापडली' असं म्हणायला ती कितपत पुरते? या दोन प्रश्नांसाठी आज थोडा इतिहास बघू या. तो माहीत नसेल तर या पद्धतीची ताकदही कळत नाही आणि तिच्या मर्यादाही.

सुरुवात 1943 पासून. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली: आठ मुलगे, तीन मुली. निबंध आजही वाचनीय आहे, कारण कॅनर निरीक्षण बारकाईने करतात. त्यातलं एक निरीक्षण आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. अकरापैकी पाच मुलांची डोकी जरा मोठी होती, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. टेपने घेतलेलं माप, बस्स. तरी ऑटिझम आणि मेंदूचा आकार यांचा संबंध सांगणारी ही पहिली नोंद म्हणायला हरकत नाही. निबंधाच्या शेवटी कॅनर म्हणतात की ही अडचण जन्मजात दिसते.

पण त्याच निबंधात आईबापांच्या थंड, बुद्धिवादी स्वभावाचीही टिप्पणी होती, आणि पुढची वीसेक वर्षं लोकांनी नेमकी तीच उचलून धरली. आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं, हा समज अमेरिकेत पसरला. 1967 साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकाने त्याला आणखी बळ दिलं. मुलाचं दुखणं आणि वर दोष आईच्या माथी! मेंदूत किंवा जनुकांत काही दाखवता आलं असतं तर हा आरोप टिकलाच नसता. ऑटिझमची जैविक खूण शोधण्यामागे ही जखमसुद्धा आहे, हे पेपरांच्या प्रस्तावनेत सहसा लिहिलेलं नसतं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी आईला दोष देणाऱ्या सिद्धांताविरुद्ध पुस्तक लिहिलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. त्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची आहे.

जनुकांच्या बाजूचा पहिला ठोस पुरावा 1977 चा. सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या: 11 एकसारख्या, 10 वेगवेगळ्या. एकसारख्या अकरांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगवेगळ्या दहांत अशी एकही जोडी नव्हती. आकडे किती लहान आहेत बघा. आजच्या एखाद्या परीक्षकाने 'सॅम्पल साइझ?' असं विचारून परत पाठवलं असतं. पण प्रश्न नेमका होता आणि तुलना स्वच्छ होती. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे पुढच्या जुळ्यांच्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. रचना चांगली असेल तर 21 जोड्याही दिशा बदलतात.

आता दुसरा प्रवाह, मेंदूच्या चित्रांचा. एमआरआय आल्यावर सगळ्यांना वाटलं की आता आत डोकावता येईल आणि खूण डोळ्यांनीच दिसेल. 1988 मध्ये एरिक कोर्शेन आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलं की ऑटिझम असलेल्या लोकांत अनुमस्तिष्काच्या मधल्या पट्ट्याचा, म्हणजे व्हर्मिसचा, एक भाग लहान असतो. अभ्यासात ऑटिझम असलेले 18 जण होते. बातमी मोठी झाली. मग इतरांनी मोजून पाहिलं, कुणाला फरक दिसला, कुणाला नाही. बुद्ध्यंक आणि वय जुळवलं की फरक विरघळतो असंही काहींच्या लक्षात आलं. कोर्शेन यांचं नाव लक्षात ठेवा, ते शेवटाकडे पुन्हा येणार आहेत.

पुढची पंधरा-वीस वर्षं बहुतेक याच चालीने गेली. एका प्रयोगशाळेत वीस-तीस जणांचा गट, एखाद्या भागात फरक, मग दुसरीकडे तो न सापडणं. 2004 च्या सुमाराला फंक्शनल एमआरआयमुळे कल्पना पालटली: एखादा भाग बिघडलेला नसून दूरच्या भागांमधला संवाद कमी पडतो, असं मांडलं गेलं. कल्पना आकर्षक होती. पण 2012 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटरच्या अंशाइतकं जरी हललं, तरी दूरच्या भागांमधला संवाद कमी झाल्याचा आभास होतो. आता विचार करा, त्या खणखणाटात, त्या बोगद्यात अर्धा तास निश्चल पडून राहणं कुणाला जास्त अवघड जात असेल? म्हणजे जुन्या निष्कर्षांतला काही भाग मेंदूचा आणि काही भाग निव्वळ हालचालीचा. 2014 मध्ये कोल्डेविन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गटांतली हालचाल जुळवून मेंदूतले तंतुमार्ग मोजले, तेव्हा आधी दिसणारे बहुतेक फरक नाहीसे झाले.

उपाय एकच होता, आकडा वाढवणं. एबाइड नावाच्या उपक्रमात 17 ठिकाणांहून 1112 जणांचे स्कॅन एकत्र करून 2012 मध्ये सगळ्यांसाठी खुले झाले. 539 जण ऑटिझम असलेले, 573 नसलेले. हा डेटा तुम्ही आजही घरबसल्या उतरवून घेऊ शकता. एनिग्मा या गटाने 2018 मध्ये आणखी पुढे जाऊन 1571 विरुद्ध 1651 अशी तुलना प्रसिद्ध केली. फरक सापडले: कपाळामागचा कॉर्टेक्स थोडा जाड, कानशिलाजवळचा थोडा पातळ. पण फरकाचा आकार, ज्याला कोहेनचा डी म्हणतात, जास्तीत जास्त 0.2 च्या आसपास.

इथे जरा थांबू या, कारण सगळा विषय या 0.2 मध्ये आहे. दोन गटांचे घंटेसारखे आलेख काढले आणि डी 0.2 असेल, तर ते आलेख 92 टक्के एकमेकांवर बसतात. फक्त त्या मोजमापावरून 'या मुलाला ऑटिझम आहे की नाही' हे ओळखायला गेलात, दोन्ही गट सारख्या संख्येचे असले, तर शंभरात 54 वेळा बरोबर याल. नाणं उडवलं तर 50. सरासरीतला फरक खरा आहे, हजारो माणसांवर सिद्ध झालेला आहे, आणि एका मुलाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. मुलाखतीला जाल तेव्हा हा फरक नीट सांगता आला पाहिजे. अनेकांना तो सांगता येत नाही.

तर 2010 च्या आगेमागे परिस्थिती अशी होती: एमआरआय कुठे फरक आहे ते सांगत होता, पण का ते नाही. जाडीच्या फरकामागे पेशी कमी आहेत, जोडण्या कमी आहेत की आणखी काही, हे चित्रातून कळत नाही. दुसऱ्या बाजूला जनुकशास्त्र भराभर पुढे चाललं होतं. एकामागून एक जोखमीची जनुकं सापडत होती. 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात तर 35 हजारांहून जास्त लोकांच्या तपासणीतून 102 जनुकांची यादी निघाली. पण ही जनुकं मेंदूत कुठे आणि कधी काम करतात, हे डीएनए वाचून कळत नाही. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. एखादं जनुक कुठल्या पेशीत किती 'चालू' आहे हे बघायचं तर त्यापासून तयार होणारा आरएनए मोजावा लागतो. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. आणि मेंदूतला आरएनए मोजायचा तर मेंदूचा तुकडा हवा.

हा तुकडा मिळवायचा म्हणजे अडचणींचा डोंगर. जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा कुणी काढणार नाही, काढूही नये. उरतं मरणोत्तर दान. मूल किंवा तरुण भाऊ गेल्यावर काही तासांत त्या घराला फोन करून हा प्रश्न विचारावा लागतो. त्यामुळे नमुने नेहमीच मोजके. 2011 मध्ये इरिना व्होइनेआगू, डॅनियल गेश्विंड आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जो महत्त्वाचा पेपर लिहिला, त्यात ऑटिझमचे 19 आणि तुलनेचे 17 मेंदू होते. पण त्यातून दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही टिकल्या. चेतापेशींच्या जोडण्यांशी, म्हणजे सिनॅप्सशी निगडित जनुकांचा एक गट ऑटिझममध्ये दबलेला होता, आणि प्रतिकारशक्तीशी निगडित दुसरा गट वाढलेला. शिवाय कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग यांत जनुकांच्या वागण्याचा जो ठळक फरक एरवी असतो, तो ऑटिझममध्ये पुसट झालेला होता.

पुढच्याच वर्षी बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या हार्वर्डच्या ब्रेन बँकेत एक फ्रीझर बंद पडला. धोक्याची घंटा वाजलीच नाही. सुमारे दीडशे मेंदू वितळले, त्यांतले पन्नासहून जास्त ऑटिझमच्या संग्रहातले. जगभरात या नमुन्यांची जी टंचाई होती ती पाहता हा घाव फार मोठा होता. एका यंत्राच्या बिघाडाने एका क्षेत्राची गती मंदावते, हे आपण संगणकावर बसून काम करणारे लोक विसरतो. आपल्या एक्सेलच्या प्रत्येक ओळीमागे कुणाच्या तरी घरातला एक माणूस आहे.

याच पार्श्वभूमीवर ॲलन ॲटलस आला. मायक्रोसॉफ्टच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या पॉल ॲलन यांनी 2003 मध्ये सिएटलमध्ये संस्था काढली. आधी उंदराच्या मेंदूचा जनुक-नकाशा पूर्ण केला आणि मग माणसाकडे वळले. 2012 च्या 'नेचर'मध्ये मायकेल हॉरिलिच आणि सहकाऱ्यांनी पहिला आढावा दिला. काम पूर्ण झालं तेव्हा सहा मेंदूंतून 3702 नमुने, प्रत्येक नमुन्यात वीस हजारांच्या आसपास जनुकांची मोजणी, आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक नमुना मेंदूत नेमका कुठून घेतला त्याचे तिन्ही अक्षांवरचे निर्देशांक. हे निर्देशांक त्याच चौकटीतले, जी एमआरआयवाले वापरतात. दोन वेगळ्या जमातींना पहिल्यांदाच एकच पत्ता लिहायची पद्धत मिळाली. आणि सगळं फुकट, खुलं.

दाते कोण? पाच पुरुष, एक स्त्री. वय 24 ते 57. तीन गोरे, दोन आफ्रिकन-अमेरिकन, एक हिस्पॅनिक. सहापैकी फक्त दोघांच्या मेंदूची उजवी बाजू मोजली आहे. बहुतेक अभ्यास म्हणूनच डाव्या बाजूपुरते थांबतात.

आता जोडणी कशी होते ते बघा, गणित सोपं आहे. डाव्या कॉर्टेक्सचे समजा 34 भाग पाडले. एमआरआयवरून प्रत्येक भागासाठी एक आकडा काढला: ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या मुलांत तिथली सरासरी जाडी किती वेगळी आहे. 34 आकड्यांचा एक स्तंभ झाला. ॲटलसमधून प्रत्येक जनुकासाठी तसाच 34 आकड्यांचा स्तंभ: त्या भागात ते जनुक किती चालू आहे. असे पंधरा हजारांच्या आसपास स्तंभ. मग विचारायचं, कुठल्या जनुकांचा नकाशा जाडीच्या फरकाच्या नकाशाशी जुळतो? यासाठी बहुधा पार्शल लीस्ट स्क्वेअर्स ही पद्धत वापरतात. जनुकं क्रमाने लावली की यादीच्या टोकाला कुठल्या प्रकारची जनुकं गोळा झाली आहेत ते तपासायचं.

2015 मध्ये योनास रिचिआर्डी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की विश्रांतीच्या वेळी एकत्र धडधडणाऱ्या भागांत जनुकांचं वागणंही एकमेकांसारखं असतं. हा अभ्यास ऑटिझमचा नव्हता, पण पद्धतीला त्याने प्रतिष्ठा दिली. ऑटिझमपुरतं बोलायचं तर केंब्रिजमधून आलेला राफाएल रोमेरो-गार्सिया आणि सहकाऱ्यांचा 2019 चा पेपर आधी वाचा. 548 मुलं: 166 ऑटिझम असलेली, 295 नसलेली, आणि 87 एडीएचडी असलेली. हा तिसरा गट ठेवला ही चांगली गोष्ट. जाडीच्या फरकाशी जुळणाऱ्या जनुकांत सिनॅप्सची जनुकं भरपूर निघाली. त्याहून महत्त्वाचं, हीच यादी मरणोत्तर मेंदूंत दबलेल्या जनुकांशी जुळली. वाढलेल्या जनुकांशी मात्र नाही. आणि दबलेल्या जनुकांचा हा मेळ त्यांनी आणखी दोन स्वतंत्र डेटासेटांवर तपासून पाहिला.

या पेपरात सहा निरोगी मेंदूंचा वापर एखाद्या पुलासारखा आहे, हे लक्षात घ्या. एका काठावर जिवंत मुलांचे स्कॅन, दुसऱ्या काठावर ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूंचा आरएनए. मधला पूल फक्त एवढंच सांगतो की ज्या भागांत मुलांचा कॉर्टेक्स वेगळा दिसतो, ते भाग एरवीच सिनॅप्सच्या जनुकांच्या बाबतीत खास असतात. म्हणजे 'कुठे' या प्रश्नाला थोडं 'का' मिळतं. त्या 166 मुलांपैकी कुणाचंही जनुक त्यात मोजलेलं नाही, हे विसरून चालणार नाही.

मग सगळेच या पुलावरून जायला लागले. डेटा फुकट, लॅपटॉप पुरतो, सहा महिन्यांत पेपर होतो. आणि इथेच मोठा सापळा आहे. तो महाराष्ट्राच्या नकाशावर समजावून सांगणं मला सोपं वाटतं. आपले 36 जिल्हे घ्या. एका स्तंभात सरासरी पाऊस लिहा, दुसऱ्यात जेवणात मासे किती. कोकण दोन्हींत वर, मराठवाडा दोन्हींत खाली. सहसंबंध झकास येईल. म्हणून मासे खाल्ल्याने पाऊस पडतो का? शेजारचे जिल्हे एकमेकांसारखे असतात, आणि समुद्रापासून दूर जाऊ तसं बरंच काही एकदमच बदलत जातं. त्यामुळे 36 जिल्हे म्हणजे 36 स्वतंत्र पुरावे नव्हेत. खरे स्वतंत्र पुरावे चार-पाचच असतील.

मेंदूचंही तसंच. शेजारचे भाग सारखे, आणि डोळ्यांनी पाहिलेलं टिपणाऱ्या मागच्या भागापासून विचाराच्या पुढच्या भागांपर्यंत जाताना हजारो जनुकं एका लयीत बदलतात. याला स्पेशियल ऑटोकोरिलेशन म्हणतात. मेंदूचा कुठलाही नकाशा घ्या, जो जरा हळुवार मागून पुढे बदलतो, त्याच्याशी जुळणारी शेकडो जनुकं निघणारच. यावर एक उपाय 2018 मध्ये आरन अलेक्झांडर-ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी मांडला: मेंदूचा पृष्ठभाग गोल चेंडूवर ताणायचा आणि नकाशा हजारो वेळा वाट्टेल तसा फिरवायचा. फिरवलेल्या नकाशांशीही जनुक तितकंच जुळत असेल, तर मूळ जुळणीत विशेष काही नाही.

त्यानंतर बेन फुल्चर, ऑरिना अर्नाटकेविच्यूटे आणि ॲलेक्स फोर्निटो यांनी 2021 मध्ये जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी काम वाटतं. त्यांनी अर्थहीन, बनावट नकाशे तयार केले आणि नेहमीच्या पद्धतीने जनुकांचे वर्ग शोधले. कुठलाच खरा संबंध नसताना काही बाबतींत खोटे होकार सरासरी 500 पटींहून जास्त निघाले. आणि सर्वाधिक वारंवार 'सापडणाऱ्या' वर्गांत चेतापेशी आणि सिनॅप्सशी निगडित वर्गच होते. म्हणजे तुमच्या पेपरात 'सिनॅप्सची जनुकं सापडली' असं येणं हे पद्धत चुकल्याचंही लक्षण असू शकतं! त्याच वर्षी रॉस मार्केलो आणि सहकाऱ्यांनी ॲटलसचा डेटा साफ करायच्या सुमारे साडेसात लाख वेगवेगळ्या वाटा चालून दाखवल्या आणि निष्कर्ष वाटेप्रमाणे कसे हलतात ते मांडलं. त्यांची अबाजेन ही पायथॉनमधली साधनपेटी खुली आहे. ती वापरा, पण कुठली बटणं का दाबली हे वहीत लिहून ठेवा.

यामुळे 2019 चे सगळे पेपर टाकाऊ ठरतात का? नाही. ज्यांनी मरणोत्तर मेंदूंशी पडताळणी केली, दुसऱ्या गटावर करून पाहिलं, दुसऱ्या निदानाची मुलं तुलनेला ठेवली, ते बऱ्यापैकी उभे राहतात. पण त्यानंतर फक्त यादी छापून 'बायोमार्कर' म्हणणाऱ्या पेपरांकडे संशयाने बघणं भाग आहे.

कारण बायोमार्कर हा शब्द सैल वापरायचा नाही. अमेरिकेच्या एफडीए आणि एनआयएच यांनी 2016 मध्ये त्याची व्याख्या आणि सात प्रकार लिहून काढले: निदानाचे, जोखमीचे, पुढे काय होईल ते सांगणारे, औषधाचा परिणाम दाखवणारे, वगैरे. सगळ्यांत एक अट समान आहे, ज्या माणसाबद्दल बोलताय त्याच्यात ते मोजता आलं पाहिजे. मधुमेहासाठी एचबीए1सी मोजतो तो त्या रुग्णाच्याच रक्तात. सहा अनोळखी दात्यांच्या नकाशाशी जुळणी ही एखाद्या मुलाची खूण होऊच शकत नाही. ती फार तर कुठल्या पेशींकडे, कुठल्या जनुकांकडे बघावं याचा इशारा आहे.

मग खरा मार्ग कुठला? दोन दिशांनी काम चाललं आहे. पहिली, निरोगी मेंदूंच्या नकाशाऐवजी ऑटिझम असलेल्यांच्याच मेंदूंचा नकाशा करणं. मायकेल गँडल, गेश्विंड आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 112 जणांच्या मेंदूंतले, कॉर्टेक्सच्या 11 भागांतले 725 नमुने मोजले. सगळ्यात मोठा बदल कुठे निघाला? कपाळामागे नव्हे, तर मागच्या बाजूच्या प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्समध्ये. आवाज, प्रकाश, स्पर्श असह्य होतात असं ऑटिझम असलेले लोक कधीपासून सांगत आले आहेत. संवेदनेच्या भागांकडे बघायला आपल्याला एवढा वेळ लागला, हे बोलकं आहे. त्याच वर्षी स्तेफानो बेर्तो, जेनेव्हीव कोनोप्का आणि सहकाऱ्यांनी 11 कॉर्टेक्स-भागांचा मरणोत्तर आरएनए एबाइडच्या स्कॅनशी जोडला. इथेही स्कॅन एकांचे आणि आरएनए दुसऱ्यांचा, पण निदान दोन्हीकडे ऑटिझम तरी आहे.

दुसरी दिशा अधिक धीट: दोन्ही मोजमापं एकाच मुलात. मेंदूचा तुकडा मिळत नाही, पण रक्त मिळतं. मायकेल लोंबार्डो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सॅन डिएगोतल्या छोट्या मुलांच्या पांढऱ्या पेशींतला आरएनए मोजला आणि तीच मुलं रात्री नैसर्गिक झोपेत असताना त्यांना बोलणं ऐकवत फंक्शनल एमआरआय केला. झोपलेलं मूल हलत नाही, म्हणून 2012 चा तो हालचालीचा प्रश्नही बराच सुटतो. ज्या मुलांची भाषा पुढे बरी झाली आणि ज्यांची मागे राहिली, त्या दोन गटांत रक्त आणि मेंदू यांची जोडणी वेगळी निघाली. रक्त म्हणजे मेंदू नव्हे, ही टीका आहेच. पण आकडे त्या मुलाचेच आहेत. या पेपरच्या लेखकांत शेवटचं नाव कुणाचं? एरिक कोर्शेन. 1988 मध्ये एका पट्ट्याचं क्षेत्रफळ मोजणारा माणूस तीस वर्षांनी इथवर आला.

एक बाजू अजून राहिली. खूण सापडली तर ती कशासाठी वापरायची? 2021 मध्ये ब्रिटनमध्ये दहा हजार ऑटिस्टिक लोकांचा डीएनए गोळा करणारा स्पेक्ट्रम 10के हा प्रकल्प सुरू झाला आणि काही आठवड्यांतच थांबवावा लागला. विरोध ऑटिस्टिक लोकांचाच होता. हा डेटा उद्या गर्भ तपासायला, आमच्यासारख्यांना जन्मालाच न घालायला वापरला जाईल का, असा त्यांचा सवाल होता. 1967 मध्ये जैविक पुरावा आईची सुटका करणार होता. तोच पुरावा आता ज्यांच्याबद्दल आहे त्यांना धमकीसारखा वाटू शकतो. प्रकल्पाच्या प्रस्तावात एथिक्सचं पान भरताना हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा.

आपल्याकडे निदान आजही मुलाशी खेळून, आईबापांशी बोलून, निरीक्षणानेच होतं. भारतात पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होतं, दोन ते नऊ वर्षांच्या 3964 मुलांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तीही भारतीय मुलांसाठी बनवलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेली होती. ज्यांना इथे राहून या विषयात शिरायचंय त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. ऑटिझमची अनेक जनुकं गर्भाच्या मधल्या महिन्यांत एकत्र काम करतात, असं 2013 पासूनचे अभ्यास सांगतात. आणि प्रौढांचा ॲटलस तिथे निरुपयोगी. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने 2024 मध्ये 'धरणी' हा डेटासेट खुला केला: दुसऱ्या तिमाहीतल्या पाच गर्भांचे मेंदू, पेशी दिसतील इतक्या बारकाईने चित्रित केलेले 5132 काप. जनुकांची मोजणी आणि ही चित्रं एकत्र आणायला भरपूर जागा आहे.

दरम्यान प्रौढ मेंदूचा नकाशा आणखी बारीक झाला आहे. 2023 मध्ये किम्बर्ली सिलेट्टी, स्टेन लिनार्सन आणि सहकाऱ्यांनी शंभरेक ठिकाणांहून तीस लाखांहून जास्त पेशीकेंद्रं एकेक करून वाचली आणि पेशींचे तीन हजारांवर उपप्रकार मांडले. पुढची काही वर्षं ऑटिझमचे स्कॅन याच नकाशावर ठेवले जाणार. दाते किती ते मी बघितलं. मुख्यतः तीन.